तीन बोटांचं अंतर

मित्रांनो, आधी माझी ओळख करून देतो, कारण मला ओळखणारी माणसं आता फार उरलेली नाहीत. मी ओळंबा. वय झालेला, पितळेचा, मुठीत मावेल एवढा, वर गोल आणि खाली निमुळता. माझ्या डोक्यात एक भोक आहे. त्यातून दोरी जाते आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला माझ्याच रुंदीची एक लाकडी ठोकळी असते. ठोकळी भिंतीच्या माथ्याशी टेकवायची आणि मला खाली सोडायचं. मी थोडा झुलतो, मग शांत होतो. भिंत सरळ असेल तर मी तिला जेमतेम टेकतो. ती पुढे झुकलेली असेल तर माझ्यात आणि तिच्यात अंतर पडतं. माझं शिक्षण एवढंच. पण एवढ्या शिक्षणावर मी शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या आणि कितीतरी घरं उभी केली आहेत, आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

मला एका ओताऱ्याने घडवलं. साच्यातून बाहेर काढल्यावर मी इतका ओबडधोबड होतो की तो मला बटाटा म्हणाला होता. मग त्याने मला तासभर कातून काढलं, घासलं आणि दुकानात माझ्यासारख्याच तिघांबरोबर ठेवून दिलं. एके दिवशी एक तरुण गवंडी आला. त्याने आम्हा चौघांना एकामागून एक लटकवलं आणि कोण लवकर शांत होतं ते नीट पाहिलं. मी सगळ्यांत आधी थांबलो. "हा चंचल नाही," असं म्हणून त्याने मला खिशात टाकलं. पुढे सगळे त्यांना मिस्त्री म्हणू लागले, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणतो.

मिस्त्रींचा स्वभाव विचित्र होता. माणूस हसरा, पण वाकडं काही दिसलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. एकदा दवाखान्याची भिंत छातीएवढी आली आणि मी सूतभर अंतर दाखवलं. सूत म्हणजे केवढं? तुमच्या नखाच्या कडेएवढं. मिस्त्रींनी ती भिंत स्वतःच्या हातांनी उतरवली. मुकादम कपाळाला हात लावून बसला. "अहो, कुणाला दिसणार आहे?" तो म्हणाला. मिस्त्री विटा मोकळ्या करता करता म्हणाले, "दिसू नये म्हणूनच पाडतोय." मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

मग दिवस बदलले. बांधकामावर लाल उजेडाची यंत्रं आली. मिस्त्रींच्या पत्नी आजारपणात गेल्या. गुडघे कुरकुरू लागले. आम्ही सगळी हत्यारं एका गोणपाटात गेलो. थापीला गंज चढला. कोपरे तपासायचा गुण्या कुणीतरी मागून नेला तो परत आलाच नाही. सपाटी दाखवणाऱ्या पाणसळीच्या काचेतलं पाणी आटून तिचा बुडबुडा नाहीसा झाला, आणि त्यानंतर ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. मी पितळेचा, म्हणून तेवढा टिकलो.

मिस्त्रींची एकुलती एक लेक लग्नानंतर परदेशात राहत होती. तिने हट्टच धरला. "तीन महिने या बाबा. घर बघा, देश बघा. हातात थापी घ्यायची नाही." मिस्त्रींनी चार स्वेटर भरले, दोन टोप्या भरल्या आणि शेवटी मला एका मोज्यात घालून बॅगेच्या कोपऱ्यात सारलं. लेक थापी नको म्हणाली होती, ओळंब्याबद्दल ती काहीच बोलली नव्हती.

विमानतळावर माझ्यावरून गोंधळ झाला. तपासणाऱ्याने मला मोज्यातून काढलं, हातावर तोललं आणि साहेबाला बोलावलं. साहेबाने आणखी एका साहेबाला बोलावलं. मिस्त्रींनी मला त्यांच्याच उंच टेबलाच्या कडेने खाली सोडलं. टेबल चांगलं दोन सूत कललेलं होतं. तिघेही वाकून पाहू लागले. मग एकाने टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारली आणि आम्हाला जाऊ दिलं.

मित्रांनो, तो देश मी मिस्त्रींच्या कोटाच्या खिशातून पाहिला. लेक दवाखान्यांच्या चादरी धुण्याच्या कारखान्यात कामाला जायची. जावई सामान पोचवायची गाडी चालवायचे. दोघं सकाळी निघाली की घरात मिस्त्री आणि मी. मग आम्ही फिरायला बाहेर पडायचो.

घरं एकासारखी एक. रस्ते धुतल्यासारखे. पण माणूस दिसेल तर शपथ. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. मिस्त्री चालता चालता हळूच एखाद्या भिंतीवर बोटाने टकटक करायचे. आतून पोकळ आवाज यायचा. "लाकडाच्या फळ्या आहेत रे नुसत्या," ते मला सांगायचे. एकदा टकटक ऐकून आतल्या माणसाने दारच उघडलं. मिस्त्री ओशाळून हसले, तोही हसला आणि दोघांनी आभाळाकडे बोट दाखवलं. तिथे अनोळखी माणसं आभाळाबद्दलच बोलतात, एवढं मिस्त्रींना आठवड्यात कळलं होतं.

बसमधून उतरणारा प्रत्येक जण चालकाचे आभार मानायचा. मिस्त्रींना ते फार आवडलं. ते आपल्या भाषेत "बरंय, येतो" म्हणून उतरायचे. कचऱ्याचे डबे तीन रंगांचे होते आणि कोणत्या वारी कोणता डबा बाहेर ठेवायचा हे लेकीने भिंतीवर लिहून लावलं होतं. कुत्री कोट घालून हिंडायची. लोक त्यांची आपुलकीने चौकशी करायचे, पण त्यांच्या दोरीचं दुसरं टोक धरून चालणाऱ्या माणसाला काही विचारायचे नाहीत. आणि बसथांब्यावरचे बाक! मी सगळं सहन करीन, पण ते बाक नाही. कुणी आडवं पडू नये म्हणून ते बनवतानाच उतरते बनवलेले होते. मुद्दाम वाकडं बनवलेलं काम मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मिस्त्री त्यावर बसायचे आणि हळूहळू घसरत पुढे यायचे.

एक दिवस मात्र माझा होता. वाटेत एक बांधकाम चाललं होतं. तिथे यंत्रातून लाल उजेडाची उभी रेघ भिंतीवर पडली होती. मिस्त्री कुंपणापाशी तासभर उभे राहिले. शेवटी तिथल्या मुख्य कामगाराने त्यांना खुणेने आत बोलावलं, डोक्यावर शिरस्त्राण घातलं आणि मोठ्या कौतुकाने रेघ दाखवली. मिस्त्रींनी खिशातून मला काढलं आणि रेघेशेजारी सोडलं. मी झुललो, थांबलो. माझी दोरी त्या लाल रेघेवर अशी बसली की रेघ दिसेनाशी झाली. सगळ्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री घरी येईपर्यंत गालातल्या गालात हसत होते. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते शेवटचं सुख.

आता त्या भिंतीबद्दल सांगतो.

लेकीचं घर वरच्या मजल्यावर होतं. खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई एकट्याच राहायच्या. मिस्त्री त्यांना खालच्या बाई म्हणायचे. घरामागे दोघांचं मिळून एक छोटं अंगण होतं, आणि अंगणाच्या टोकाला विटांची जुनी, दीड पुरुष उंच भिंत. तिच्यापलीकडे एक गोदाम होतं. त्या अंगणात ऊन यायचं ते अकरा ते एक, आणि तेही फक्त भिंतीच्या पायथ्याशी. खालच्या बाई बरोबर अकराला आपली खुर्ची ओढत यायच्या आणि भिंतीला पाठ करून उन्हात बसायच्या. त्या देशात ऊन कमी. बाई ते वाया जाऊ देत नसत.

मिस्त्रींनी ती भिंत पाहिली आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी वरच्या खिडकीतून डोकावलं. गोदामवाल्यांनी खणकाम करून सगळी माती भिंतीला लावून ढीग घातला होता आणि ती माती पावसाने फुगली होती. मिस्त्री खाली आले. नखाने विटांमधल्या दर्जा उकरल्या तर चुना पिठासारखा गळाला. मग त्यांनी खुर्चीवर चढून मला सोडलं. माझ्यात आणि भिंतीत एक बोट अंतर होतं. आठ दिवसांनी पुन्हा सोडलं. दोन बोटं होती.

"चिमे, ही भिंत येतेय," मिस्त्री संध्याकाळी लेकीला म्हणाले.

"कुठे येतेय?"

"अंगावर येतेय. दोन बोटं सुटलाय ओळंबा."

"बाबा, तुम्ही आराम करायला आलायत ना? इथल्या भिंती इथली माणसं बघतात."

"कोण बघतं? मला दाखव तो माणूस. मी त्याच्याशी बोलतो."

लेकीने कपाळावर हात मारला. पण तिने बाबांचं मन मोडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन खालच्या बाईंकडे गेली आणि तिथल्या भाषेत सगळं समजावून सांगितलं. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग हसून काहीतरी बोलल्या आणि मिस्त्रींच्या हातावर थोपटलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मी लग्न होऊन आले तेव्हापासून ही भिंत बघतेय. ती मला पोचवूनच पडेल. आणि म्हणाल्या, तुझे वडील फार प्रेमळ आहेत."

"माझ्या प्रेमळपणाचं काय लोणचं घालायचंय?" मिस्त्री वैतागून म्हणाले. "त्यांना सांग, खुर्ची हलवा."

लेकीने तेही सांगितलं. बाईंनी अंगणभर हात फिरवून दाखवला. दुसरीकडे कुठे ऊन आहे?

जावईबापूंनी फोन लावला. भिंत गोदामाची, घर घरमालकाचं आणि हे दोघं वरचे भाडेकरू. त्यामुळे फोन कुणाला करायचा यातच दोन दिवस गेले होते. फोनमध्ये वाजंत्री वाजू लागली. जावईबापूंनी फोन टेबलावर ठेवला आणि सगळे गाणं ऐकत जेवले.

"गाणं संपल्यावर बोलतात का?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही बाबा. ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून लागतं."

शेवटी एक आवाज आला. त्याने सगळं लिहून घेतलं आणि पाहणीची तारीख दिली. पाच आठवड्यांनंतरची. मिस्त्रींचं परतीचं विमान तीन आठवड्यांनी होतं.

मिस्त्री गप्प बसणारे नव्हते. त्यांनी माळ्यावरची पलंगाची जुनी फळी काढली, दोन बांबू मिळवले आणि भिंतीला झकास टेकू दिला. तो टेकू पाहून मला जुने दिवस आठवले. तिसऱ्या दिवशी घरमालकाचा कारकून आला. त्याने टेकूचे फोटो काढले आणि टेकू काढायला लावला.

"का?" मिस्त्रींनी लेकीला विचारलं. "टेकू काय खातो त्याचं?"

"बाबा, तो म्हणतो टेकू लावला की भिंत धोक्याची आहे असं आपण कबूल केल्यासारखं होतं. मग पाहणी होईपर्यंत घर रिकामं करावं लागेल. खालच्या बाईंनाही."

"मग करू दे की रिकामं!"

लेकीने जावईबापूंकडे पाहिलं. जावईबापू उठून खिडकीपाशी गेले. हे घर मिळायला त्यांना एक वर्ष लागलं होतं. मिस्त्रींनी दोघांची तोंडं पाहिली आणि पुढचं बोलणं गिळलं. बांबू त्यांनीच काढून ठेवले.

मग त्यांना एक युक्ती सुचली. मित्रांनो, ती युक्ती मी कधी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी पावणेअकरालाच मिस्त्री आपली खुर्ची घेऊन खाली गेले आणि नेमके बाईंच्या जागेवर जाऊन बसले. जागाच नाही म्हटल्यावर बाई परत जातील, असा त्यांचा हिशोब होता. भिंत पडायला लागलीच तर आपल्याला आवाज कळेल, आपण उठू, असंही ते मला म्हणाले. अकरा वाजता बाई खुर्ची ओढत आल्या. मिस्त्रींना पाहून त्या थांबल्या. त्यांचा चेहरा असा उजळला की मिस्त्रींनी नजर खाली घातली. त्यांनी आपली खुर्ची मिस्त्रींच्या खुर्चीला लावून ठेवली आणि बसल्या. कित्येक वर्षांनी त्यांच्याशेजारी कुणीतरी बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या साडेदहालाच आल्या. येताना सफरचंद कापून आणलं होतं. तिसऱ्या दिवशी फोटोंची वही आणली. एक वाजून गेला, ऊन सरकलं, तरी त्या उठेनात. दोघंही एकाच वेळी आपापल्या भाषेत बोलायचे. मिस्त्री म्हणायचे, "बाई, उठा हो इथून. तुमच्या पाया पडतो." बाई त्यावर मान डोलवून बरंच काही सांगायच्या. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण बोलण्यात माया होती. मिस्त्री मला भिंतीवर सोडून अंतर दाखवायचे. बाईंना वाटायचं, हा काहीतरी खेळ आहे. त्या एका बोटाने मला टिचकी मारायच्या आणि मी झुललो की लहान मुलीसारख्या हसायच्या.

"मी यांना उठवायला बसलो," एकदा मिस्त्री मला म्हणाले, "आणि यांचं बसणंच वाढवून ठेवलं."

मग दोन दिवस ते खाली गेलेच नाहीत. खिडकीतून पाहत राहिले. पहिल्या दिवशी बाई दोन खुर्च्या मांडून वाट पाहत बसल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी पायरी. बाईंचे गुडघे मिस्त्रींच्याही वरताण होते. धापा टाकत त्या दारात उभ्या राहिल्या आणि मिस्त्रींच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. मिस्त्रींना रडू आवरेना. ते निमूट त्यांच्याबरोबर खाली गेले.

निघायचा दिवस आला. मला वाटलं, मी मोज्यात जाणार. पण मिस्त्रींनी भिंतीच्या माथ्याशी खिळा ठोकला, ठोकळी घट्ट बांधली आणि मला सोडलं. तीन बोटं अंतर होतं. त्यांनी लेकीला जवळ बोलावलं.

"हे बघ चिमे. रोज कामावरून आलीस की इथे बोटं लावायची. एक, दोन, तीन. आत्ता तीन आहेत. चौथं बोट आत गेलं की बाईंना हाताला धरून घरात न्यायचं. ओरडल्या तर ओरडू देत. आणि मग त्या फोनवाल्यांना म्हणायचं, गाणं बंद करा आणि या."

"बघीन बाबा."

"रोज?"

"हो, रोज. तुमची शपथ."

बाईंनी मिस्त्रींना एक लोकरीचा गळपट्टा दिला. मिस्त्री त्यांना हात जोडून म्हणाले, "बाई, तब्येतीला जपा." मग ते माझ्याकडे वळले. मला दोन बोटांत धरून थांबवलं, मी आधीच थांबलेलो असताना. "तू इथे थांब," ते म्हणाले. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदाच वेगळे होत होतो. मी त्यांची पाठ दारातून आत जाताना पाहिली.

लेकीने शब्द पाळला. सहा दिवस ती कामावरून आल्यावर अंगणात यायची, पर्स खांद्यालाच असायची, आणि माझ्या व भिंतीच्या मध्ये बोटं घालायची. तीन. तीन. तीन. सातव्या दिवशी कारखान्यात तिची पाळी बदलली. दोघी जणी काम सोडून गेल्या होत्या आणि त्यांच्या वाट्याच्या चादरीही हिच्याच अंगावर आल्या. ती परतायची ती जिन्यात भिंतीला धरून चढायची. तिने जावईबापूंना बघायला सांगितलं. ते रोज वरच्या खिडकीतून पाहायचे आणि म्हणायचे, "लटकतोय की." मी लटकतोय म्हणजे सगळं ठीक, असं त्यांना वाटत होतं. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. ओळंबा कसा वाचायचा हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मग तीन दिवस सलग पाऊस लागला. पलीकडची माती फुगत गेली. माझ्या हातात काहीच नव्हतं. माथा मला घेऊन पुढे येत होता, पायथा माझ्यापासून दूर राहत होता. चार बोटं झाली. मग पाच. मी ते दाखवत होतो, मित्रांनो. दिवसभर, लख्ख उजेडात, जितकं स्पष्ट दाखवता येईल तितकं दाखवत होतो. बघायला कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. बाई अकराला आल्या. त्यांनी आधी मिस्त्रींची खुर्ची मांडली, मग आपली. मिस्त्री गेल्यापासून त्या रोज तसंच करायच्या. त्यांनी मला टिचकी मारली. मी झुललो, आणि परत येताना भिंतीला लागलोच नाही. बाईंच्या ते लक्षात आलं नाही. त्या पाठ करून बसल्या आणि डोळे मिटून तोंड उन्हाकडे केलं. आवाज फार मोठा झाला नाही. मिस्त्री म्हणाले होते, आवाज कळेल. पण माथा एकदम सुटला, आणि मीही त्याच्याबरोबर खाली आलो.

बाई गेल्या.

पुढचं मी विटांखालून ऐकलं. आधी शिट्ट्या, मग बुटांचे आवाज, मग कितीतरी वेळ लेकीचं रडणं. ढिगारा उपसताना तिला मी सापडलो. दोरी तुटली होती, ठोकळी मिळालीच नाही. तिने मला नळाखाली धुतलं, पुसलं आणि स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. तिथे एक कात्री आहे, मेणबत्त्या आहेत आणि कुठलंही कुलूप न उघडणाऱ्या चार किल्ल्या आहेत.

पाहणीच्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला, एक मिनिटही उशीर न करता माणूस आला. त्याने मोकळ्या जागेची लांबी मोजली, उंचीच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि जावईबापूंची सही घेतली. जाताना तो आभाळाकडे पाहून काहीतरी म्हणाला. जावईबापूंनी मान डोलावली.

"बाबांना काय सांगायचं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "सांगायचं तर सगळं सांगावं लागेल. मी बघितलं नाही ते सांगावं लागेल. आणि त्यांना वाटेल, त्यांनीच बाईंना तिथे बसायची सवय लावली. बाबा हे घेऊन जगायचे नाहीत."

तर मित्रांनो, मी आता या ड्रॉवरमध्ये असतो. माझी दोरी बदलण्याचं कुणी मनावर घेतलेलं नाही आणि कुणी घेईल असं मला वाटत नाही. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. माझी निगा राखा, मला पुसा, असं मी म्हणत नाही. पितळ काय, काळवंडलं तरी चालतं. पण एखादा माणूस भिंतीपाशी उभा राहून जीव तोडून काही दाखवत असेल, त्याची भाषा तुम्हाला कळत नसेल, तुम्ही दमलेले असाल, तरी चार पावलं जवळ जा आणि तो बोट दाखवतोय तिथे स्वतःचं बोट लावून बघा. खिडकीतून बघू नका. माझ्या बाबतीत आता त्याचा काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे.

दर रविवारी सकाळी मिस्त्रींचा फोन येतो. लेक फोन टेबलावर ठेवते, ड्रॉवरच्या अगदी वर, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. ते गुडघ्यांबद्दल बोलतात, हवेबद्दल बोलतात. मग विचारतात, "खालच्या बाई कशा आहेत गं?"

"बऱ्या आहेत बाबा. बसतात उन्हात."

"आणि ओळंबा?"



"तीनच बोटं आहेत, बाबा."

"अगदी तीन?"

"अगदी तीन."

"मग ठीक," मिस्त्री म्हणतात. "तो सांगतोय ना, मग मला काळजी नाही."